आधी कल्चर, मग इंजेक्शन

रोवणी आटोपते, बांधावरचं गवत कमरेला लागतं आणि पूर्व विदर्भातल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात. तक्रारी जवळपास सगळ्यांच्या सारख्याच: थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं, अंग मोडून आलंय, अन्नावर वासना नाही. एकाच बाकावर बसलेल्या पाच जणांपैकी एकाला डेंग्यू असू शकतो, दुसऱ्याला स्क्रब टायफस, तिसऱ्याला लेप्टो, चौथ्याला टायफॉइड. पाचवं लहान मूल असेल तर क्वचित चांदीपुराही. डेंग्यू आणि चांदीपुरा हे विषाणूंचे आजार, उरलेले तीन जिवाणूंचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत नाडी, जीभ, पोट पाहून यांतला फरक सांगणं मुरलेल्या डॉक्टरलाही जमेलच असं नाही. म्हणून अनेक ठिकाणी पाचही जणांना एकच उपचार मिळतो: सलाइन, सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचं इंजेक्शन आणि घरी जाताना सेफिक्झिमच्या गोळ्या.

याचा हिशेब मांडून पाहा. टायफॉइडला आणि लेप्टोला हे इंजेक्शन लागू पडतं. डेंग्यू आणि चांदीपुराला त्याचा काडीचाही उपयोग नाही. आणि स्क्रब टायफस हा जिवाणूचा आजार असूनही त्याला ते लागू पडत नाही. हा तिसरा प्रकार सगळ्यांत घातक, कारण अँटिबायोटिक सुरू झालं आहे या समजुतीवर सगळेच निर्धास्त असतात आणि तोवर फुफ्फुसांत, मूत्रपिंडांत, मेंदूत बिघाड वाढत जातो. खरं तर डॉक्सिसायक्लिनची 100 मिलिग्रॅमची साधी, स्वस्त कॅप्सूल दिवसातून दोनदा दिली, तर वेळेत ओळखलेल्या स्क्रब टायफसचा ताप बहुधा 48 तासांत उतरतो. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात या आजाराचा मोठा उद्रेक झाला होता.

दर नोव्हेंबरात जागतिक सप्ताह येतो, भित्तिपत्रकं लागतात: ‘डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.’ सल्ला बरोबरच आहे. पण सल्ला देणाऱ्याला तरी जंतू कुठला हे दिसतं का? तालुक्याच्या पातळीवर बहुतेकदा दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की अँटिबायोटिकचा बेसुमार वापर हा लोकांच्या अडाणीपणाचा किंवा डॉक्टरांच्या हलगर्जीचा प्रश्न म्हणून मांडणं आता थांबवावं. तो प्रयोगशाळेचा प्रश्न आहे. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात जंतू वाढवून ओळखणारी (यालाच कल्चर म्हणतात) आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं हे सांगणारी छोटी सूक्ष्मजीवशास्त्राची खोली असली पाहिजे. एक्स-रे मशीन जितकं गृहीत धरतो, तितकीच ही खोली गृहीत धरली पाहिजे.

हे पटायला जिवाणू आणि विषाणू यांतला फरक नीट समजावा लागतो. ‘दोन्ही डोळ्यांना न दिसणारे जंतू’ एवढ्यावर आपण तो सोडून देतो. वर्तमानपत्रांतही एकाच बातमीत डेंग्यूचे ‘जिवाणू’ आणि कॉलऱ्याचे ‘विषाणू’ बिनदिक्कत वावरतात.

जिवाणू हा स्वतःच्या पायावर उभा असलेला जीव आहे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय घ्या. लांबी साधारण 2 मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर असे 500 एकापुढे एक मावतात. त्याला स्वतःची पेशीभित्ती आहे, प्रथिनं बनवणारे स्वतःचे रायबोसोम आहेत, सुमारे 4,300 जनुकं आहेत. खायला मिळालं आणि ऊब मिळाली की 20 मिनिटांत एकाचे दोन होतात. या गतीने एका जिवाणूचे 4 तासांत 4,096 आणि 12 तासांत सुमारे 6,900 कोटी. प्रत्यक्षात अन्न संपतं, कचरा साठतो, वाढ मंदावते. पण हा वेग लक्षात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

विषाणूकडे यातलं काहीच नाही. डेंग्यूचा विषाणू सुमारे 50 नॅनोमीटरचा, ई. कोलायच्या लांबीच्या चाळिसावा हिस्सा. प्रथिनाच्या आणि मेदाच्या आवरणात गुंडाळलेली 11,000 अक्षरांची आरएनएची एक चिठ्ठी, बस्स. ना भिंत, ना रायबोसोम, ना ऊर्जा तयार करायची सोय. ही चिठ्ठी आपल्या पेशीत शिरते आणि आपल्याच रायबोसोमकडून स्वतःची प्रथिनं बनवून घेते. पेशीबाहेर विषाणू वाढत नाही. म्हणूनच तो साध्या बशीत वाढवता येत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतही नाही.

अँटिबायोटिकं जिवाणूच्या नेमक्या त्याच अवयवांवर घाव घालतात जे आपल्यात नाहीत किंवा वेगळे आहेत. पेनिसिलिन आणि सेफ्ट्रिॲक्सोन भिंतीची वीण पक्की होऊ देत नाहीत. भिंत कमकुवत राहते, आतला दाब तिला फोडतो. डॉक्सिसायक्लिन आणि ॲझिथ्रोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला अडवतात, सिप्रोफ्लॉक्सासिन डीएनएचा पीळ सोडवणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतं. विषाणूला भिंतच नाही, मग तोडणार काय? त्याने वापरायला घेतलेला रायबोसोम आपला आहे आणि आपल्या रायबोसोमची घडण वेगळी असल्यामुळे या औषधांना तो ओळखीचाच नाही. त्यामुळे डेंग्यूला, फ्लूला, साध्या सर्दीला अँटिबायोटिकची ‘हाय पॉवर’ गोळी दिली काय आणि ‘लो पॉवर’ दिली काय, परिणाम शून्यच.

स्क्रब टायफसचं कोडंही इथेच सुटतं. त्याचा जिवाणू, ओरिएन्शिया, गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून शरीरात येतो आणि थेट आपल्या पेशींच्या आत जाऊन राहतो. त्याच्या भिंतीत पेनिसिलिनच्या घराण्याला घाव घालण्याजोगं फारसं काही नसतं आणि सेफ्ट्रिॲक्सोन पेशीच्या आत पुरेसं पोहोचत नाही. डॉक्सिसायक्लिन पोहोचतं. म्हणजे ‘जिवाणू की विषाणू’ एवढं कळूनही पुरत नाही, कुठला जिवाणू हेही कळावं लागतं. काखेत, जांघेत, छातीखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली सापडली तर निदान जवळपास झालंच. पण ती शोधायला रुग्णाचे कपडे बाजूला करून नीट पाहावं लागतं, आणि अनेक रुग्णांत ती नसतेही.

आता समाजात रुजलेल्या काही समजुती. पहिली: पिवळा-हिरवा कफ म्हणजे ‘इन्फेक्शन’, म्हणजे अँटिबायोटिक हवंच. कफाचा हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा असतो. या पेशी विषाणूशी लढतानाही येतात. नुसत्या रंगावरून जिवाणू ठरत नाही. दुसरी: ‘मागच्या वेळी तीन गोळ्यांत बरं वाटलं होतं.’ साधा विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवसांत आपणच उतरतो. दुसऱ्या दिवशी गोळ्या सुरू केल्या की चौथ्या दिवशी ताप उतरल्याचं श्रेय गोळीला मिळतं, आणि ती गोळी घराघरांत ‘आपल्याला लागू पडणारी’ ठरते. ॲझिथ्रोमायसिनची तर आणखी एक अडचण आहे. त्याचा अर्धा अंश शरीराबाहेर जायला सुमारे 68 तास लागतात. तीन दिवसांचा कोर्स संपल्यावरही ते कितीतरी दिवस ऊतींमध्ये थोड्या प्रमाणात रेंगाळतं. एवढ्या कमी मात्रेने सगळे जिवाणू मरत नाहीत. कच्चे मरतात आणि टणक निवडले जातात.

तिसरी समजूत सगळ्यांत पक्की: ‘शरीराला औषधाची सवय झाली, म्हणून ते लागू पडत नाही.’ सवय शरीराला होत नाही. बदलतो तो जिवाणू. कुणी औषध चिरडणारं विकर बनवतो, कुणी आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकतो, कुणी औषध जिथे चिकटतं ती जागाच बदलतो. शिवाय ही विद्या तो फक्त पोराबाळांना देत नाही. प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी तो शेजारच्या, वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतो. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाला दिलेल्या सेफिक्झिमने डेंग्यूचं काही बिघडत नसलं, तरी आतड्यातल्या अब्जावधी निरुपद्रवी जिवाणूंत प्रतिकार असलेले तेवढे उरतात आणि तेच पुढे मूत्रमार्गात किंवा शस्त्रक्रियेच्या जखमेत उतरतात. हा प्रतिकार असा घरातल्या घरात आणि गावातल्या गावात फिरतो. ज्याने औषध कधीच घेतलं नाही त्याच्याही वाट्याला तो येऊ शकतो. 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाल्याचा अंदाज आहे.

यावर सरकारी उत्तर काय आहे? 1 मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्सोन, मेरोपेनेमसारखी औषधं विकताना केमिस्टने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि त्याचं प्रमाण वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नियम चांगला आहे, पण मुळात ॲझिथ्रोमायसिन आणि अमॉक्सिसिलिन त्या यादीत नाहीत. दुसरं, नियम कितीही कडक पाळला तरी तो एवढंच पाहतो की चिठ्ठी आहे की नाही. चिठ्ठीवरचं औषध बरोबर आहे का, हे तो पाहूच शकत नाही. आणि नुसताच बडगा उगारला तर उलटंही होऊ शकतं: डॉक्टर 30 किलोमीटरवर, जवळच्या दुकानात चिठ्ठीशिवाय डॉक्सिसायक्लिन मिळेना, आणि स्क्रब टायफसचा रुग्ण ‘व्हायरल आहे, उतरेल’ म्हणत घरीच पडून. या देशात अँटिबायोटिक जास्त घेऊन जसं नुकसान होतं, तसं वेळेवर न मिळूनही माणसं मरतात. दोन्हींवर एकच उपाय लागू पडतो: जंतू कोण आहे हे कळणं.

ही खोली नेमकी कशी चालते ते सांगायला हवं, कारण ‘कल्चर’ हा शब्द ऐकला की ते मोठ्या शहरातलं महागडं काम वाटतं.

रक्ताचं कल्चर इंजेक्शन देण्याआधी घ्यायचं. एकदा सेफ्ट्रिॲक्सोन शिरेतून गेलं की रक्तातले जिवाणू अर्धमेले होतात, बाटलीत वाढत नाहीत, आणि अहवाल येतो ‘वाढ नाही’. त्याचा अर्थ जिवाणू नव्हता असा होत नाही. त्वचा 70 टक्के अल्कोहोल किंवा क्लोरहेक्सिडिनने पुसायची आणि पुरती वाळू द्यायची, किमान 30 सेकंद. घाईत ओल्या त्वचेतूनच सुई घातली की त्वचेवरचा स्टॅफिलोकोकस बाटलीत जातो आणि नसलेल्या आजारावर उपचार सुरू होतात. प्रौढाचं 8 ते 10 मिलिलिटर रक्त एका बाटलीत, आणि शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून दोन बाटल्या. सगळ्यांत जास्त कंजुषी इथे होते. टायफॉइडमध्ये एका मिलिलिटर रक्तात अनेकदा एखादाच जिवाणू असतो. दोन मिलिलिटर रक्त घेतलं तर जिवाणू सुईत आलाच नाही असं सहज होऊ शकतं. भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. लघवीच्या नमुन्याचं मात्र उलट: दोन तासांत पोहोचणार नसेल तर तो 4 अंशांवर ठेवायचा. लघवीचा डबा दुपारभर टेबलावर राहिला तर, वर पाहिलेल्या वेगाने, चार चुकार जिवाणूंचे हजारो होतात आणि निरोगी माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग चिकटवला जातो. कल्चरबद्दल डॉक्टरांचा जो अविश्वास आहे, त्याचं मूळ बहुधा प्रयोगशाळेत नसतं; ते नमुना घेण्याच्या या पाच मिनिटांत असतं.

बाटलीत वाढ दिसली, बहुतेकदा पहिल्या एक-दोन दिवसांत दिसतेच, की त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन ग्रॅम रंजन करायचं, म्हणजे जिवाणू रंगवायचे. हान्स ख्रिश्चन ग्रॅमने 1884 मध्ये दिलेली ही पद्धत आजही दहा मिनिटांत पहिली खूण देते: जांभळे गोल, गुलाबी दांडे. मग अगारच्या बशीवर जिवाणू वेगळा वाढवायचा. अगार म्हणजे किराणा दुकानात ‘चायना ग्रास’ म्हणून मिळतो त्याच जातीचा, समुद्री शेवाळातून काढलेला पदार्थ. शेवटी औषधाच्या चकत्या ठेवून, 35 अंशांवर 16 ते 18 तास उबवून, प्रत्येक चकतीभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. ते पुरेसं मोठं असेल तर औषध लागू.

बिघडतं ते इथे, आणि बारीकसारीक कारणांनी. म्युलर-हिंटन अगारची जाडी 4 मिलिमीटर हवी. बशी पातळ ओतली की औषध दूरवर पसरतं, वर्तुळ मोठं येतं आणि निरुपयोगी औषध ‘लागू’ ठरतं. जाड ओतली की उलट. जिवाणूंचं द्रावण ठरलेल्या गढूळपणापेक्षा दाट झालं तर वर्तुळं आक्रसतात. चकत्यांची कुपी फ्रिजमधून काढून लगेच उघडली की हवेतलं पाणी चकत्यांवर साचतं, औषधाची ताकद उतरते आणि चांगलं औषध ‘लागू नाही’ असं छापून येतं. रक्ताच्या अगारसाठी मेंढीचं रक्त हवं, ते मिळत नाही म्हणून काही ठिकाणी रक्तपेढीतलं मुदत संपलेलं मानवी रक्त वापरतात. त्यात प्रतिपिंडं असतात, ती वाढ रोखू शकतात. या सगळ्यावर पहारा एकच: ज्याची उत्तरं आधीच ठाऊक आहेत असा प्रमाणित ई. कोलाय दर आठवड्याला त्याच बॅचच्या बशीवर लावायचा. त्याची वर्तुळं ठरलेल्या मर्यादेत आली नाहीत तर त्या बॅचचा एकही अहवाल बाहेर जाऊ द्यायचा नाही. हे काम हुशारीपेक्षा शिस्तीचं आहे. राज्यात सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर आणि डीएमएलटी (लॅब टेक्निशियनची पदविका) झालेले तरुण मिळत नाहीत असं कुणी म्हणू नये. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना शिकवावं, अवघड जिवाणू मागवून तपासावेत आणि दर तिमाहीला अनोळखी नमुना पाठवून परीक्षा घ्यावी.

कल्चर म्हणजे सर्वस्व असा माझा दावा नाही. ओरिएन्शिया अगारवर वाढतच नाही. स्क्रब टायफस, लेप्टो, डेंग्यू यांना रक्तातली प्रतिपिंडं किंवा प्रतिजन शोधणाऱ्या एलायझासारख्या चाचण्या लागतात. डेंग्यूची एनएस-वन ही प्रतिजनाची चाचणी पहिल्या पाच दिवसांत, आयजीएम ही प्रतिपिंडांची त्यानंतर. पाचव्या दिवसाआधी केलेली आयजीएम ‘नाही’ म्हणाली तर तिच्यावर विसंबू नये. एलायझाची थाळी 96 खड्ड्यांची असते, म्हणून लहान केंद्रं पुरेसे नमुने जमेपर्यंत थांबतात आणि अहवाल येतो तेव्हा रुग्ण एकतर बरा झालेला असतो नाहीतर मोठ्या रुग्णालयात हलवलेला. थाळीच्या पट्ट्या सुट्या वापरता येतात. पावसाळ्याचे चार महिने त्या सुट्या वापरायच्या आणि चार पट्ट्या वाया गेल्या तर जाऊ द्यायच्या, असं लेखी ठरलं पाहिजे. दुसरीकडे, गल्लोगल्ली होणारी टायफॉइडची एकेरी विडाल चाचणी सरकारी दवाखान्यांतून तरी काढून टाकावी. टायफॉइड जिथे घर करून आहे तिथे निरोगी माणसांच्या रक्तातही ती प्रतिपिंडं सापडतात, आणि मग कुठलाही ताप ‘टायफॉइड’ होऊन बसतो.

आक्षेप येईल: कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तोवर रुग्णाने काय करायचं? काहीच थांबवायचं नाही. गंभीर रुग्णाला बाटली भरताच तासाभरात अँटिबायोटिक द्यायचं. तिसऱ्या दिवशी अहवाल पाहून ते बदलायचं, साधं करायचं किंवा बंद करायचं. आज तिसऱ्या दिवशी हातात काहीच नसतं, म्हणून सुरू झालेलं इंजेक्शन बंद करायचं धाडस कुणी करत नाही. साध्या तापाच्या धडधाकट रुग्णाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि ‘परवा पुन्हा दाखवा’ एवढं पुरतं; डेंग्यूच्या दिवसांत डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन तर मुळीच नाही, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि ताप उतरला म्हणून रुग्णाला विसरायचं नाही, डेंग्यूत खरा धोका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत असतो.

पैशाचा आक्षेप मला कमी पटतो. पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिन या मातीत बनू लागलं. पुण्यात 1952 पासून विषाणूंवर संशोधन करणारी संस्था आहे. चांदीपुराचा विषाणू 1965 मध्ये तिनेच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या रुग्णांच्या रक्तातून वेगळा केला. परळला हाफकिन संस्था शंभर वर्षांहून जुनी आहे. औषध बनवणं आणि नवा विषाणू हुडकणं दोन्ही आपल्याला जमलं. राहिलं ते मधलं साधं काम, रोजच्या रुग्णाचा रोजचा जिवाणू ओळखण्याचं. एक उबवणपेटी, वाफेने निर्जंतुक करणारा एक ऑटोक्लेव्ह, एक सूक्ष्मदर्शक, वीज गेली तर उबवणपेटी चालवणारा इन्व्हर्टर आणि दोन प्रशिक्षित माणसं. यंत्रं एकदा घ्यायची असतात. बाटल्या, चकत्या आणि पगार मात्र दर महिन्याला लागतात, आणि योजना तिथेच मरतात. म्हणून तरतूद वार्षिक खर्चाची हवी, उद्घाटनाची नको. नमुने रोज गोळा करून नेणाऱ्या महालॅबसारख्या वाहतुकीवर कल्चरच्या बाटल्याही चढवता येतील, फक्त त्यांच्यासाठी बर्फाची पेटी वापरायची नाही, हे चालकापर्यंत पोहोचायला हवं.

नवी मुंबई महापालिकेने 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी लस सार्वजनिक मोहिमेतून दिली. लसीचा परिणाम मोजताना आधार कशाचा होता? तापाच्या मुलांच्या ब्लड कल्चरचा. विडालवर हा हिशेब झालाच नसता. लस कुठे द्यायची, कुठल्या गावाच्या नळाला सांडपाणी लागतंय, हे प्रश्नही शेवटी त्याच बशीवर येऊन थांबतात.

या खोलीतून बाहेर येणारा सगळ्यांत मोलाचा कागद एकट्या रुग्णाचा अहवाल नसतो. वर्षभराच्या अहवालांचा तक्ता असतो: या तालुक्यातल्या ई. कोलायवर नायट्रोफ्युरॅण्टॉइन किती टक्के चालतं, टायफॉइडच्या साल्मोनेलावर सिप्रोफ्लॉक्सासिन चालतं का. एका जातीचे किमान 30 नमुने असतील तरच टक्केवारी काढायची, एका रुग्णाचा पहिलाच नमुना मोजायचा, आणि 30 भरत नसतील तर शेजारचे दोन तालुके एकत्र धरायचे. हा एक पानी तक्ता दर जानेवारीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि खासगी डॉक्टरांच्या टेबलावर पोहोचला पाहिजे. लघवीला जळजळ म्हणून आलेल्या बाईला कुठली गोळी लिहायची, हे ठरवताना आज तालुक्याच्या डॉक्टरसमोर औषध कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेलं गुळगुळीत पत्रक असतं.